पाच डबे आणि ‘वरीलप्रमाणे’

ताई, स. न. वि. वि.

मी ६३ वर्षांचा. एका सूतगिरणीत ३१ वर्षं हिशेबनीस होतो. पत्नी जाऊन दीड वर्ष झालं. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. मार्चमध्ये माझ्या वाढदिवसाला तिनं एक डायरी पाठवली. जाड पुठ्ठ्याची, रोजच्या पानावर तीन रेघा, वर छापलेलं : ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?’ रोज झोपताना तीन गोष्टी लिहायच्या, मन हलकं राहतं, असं तिचं म्हणणं. पहिल्या दिवशी लिहिलं : आरोग्य, कुटुंब, पेन्शन. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पेन्शन वगळली, कारण ती किती आहे ते मला माहीत. पाचव्या दिवशी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं आणि वही मिटली. मुलगी फोनवर विचारते, मी ‘लिहितो’ म्हणतो. खोटं बोलतो.

घरात बसून रोज नवीन काय घडणार? ऊन ४३च्या वर. पाणी चार दिवसांआड, तेही रात्री दोन-तीनला. शेजारचा पोरगा दार बडवतो, झोपेचं खोबरं होतं. भाजीवाली मावशी न मागता कोथिंबिरीच्या काड्या पिशवीत कोंबते, त्या माझ्याकडं फ्रीजमध्ये काळ्या पडतात. वरच्या मजल्यावरच्या अक्का आठवड्याला डबा पाठवतात. माणसानं उपकार तरी किती घ्यायचे? डबा रिकामा परत द्यायचा नसतो, असं आमची ही सांगायची. भरून काय द्यायचं ते मला सुचत नाही. त्यामुळं ओट्यावर पाच डबे साठलेत (त्यातल्या एकाच्या झाकणावर हिचंच नाव आहे, तो कसा आला कळत नाही). जिन्यात अक्का भेटू नयेत म्हणून मी हल्ली दुपारी दोनला बाहेर पडतो.

मी कृतघ्न आहे का? असेन तर तसं सांगा, वाईट वाटणार नाही.

– एक वाचक, अशोक चौक परिसर

अण्णा,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून अण्णा म्हणते. सोलापुरात अर्ध्या गल्लीला अण्णाच म्हणतात, कोणाला पत्ता लागायचा नाही.

आधी ते दुपारी दोनला बाहेर पडणं बंद करा. मे महिन्यात आपल्याकडं दोन वाजता कुत्रंसुद्धा रिक्षाखालून निघत नाही. अक्कांना चुकवायच्या नादात तुम्हाला ऊन लागणार, तुम्ही दवाखान्यात पडणार आणि तिथं डबा घेऊन येणार कोण? अक्काच.

आता तुमचा प्रश्न. नाही, तुम्ही कृतघ्न नाही. कृतघ्न माणूस डबे साठवत नाही. खातो, विसळतो, वरच्या दारात ठेवतो आणि विसरतो. ओट्यावरचे पाच डबे बघून ज्याचा जीव वर-खाली होतो त्याला केलेल्याची जाणीव आहेच, जरा जास्तच आहे. दुखतंय ते दुसरीकडं. तिथं येते, पण डायरीचं आधी उरकू.

‘वरीलप्रमाणे’ मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. मग माझ्याच लक्षात आलं की अशी एक वही माझ्याही कपाटात आहे, १ जानेवारीला सुरू केलेली, ९ तारखेपर्यंत भरलेली. पुढं गड्डा लागला, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, पाहुणे आले, नंदीध्वज बघायला कुठं उभं राहायचं यावर भांडणं झाली आणि वही राहिली ती राहिलीच. तेव्हा तुम्ही पाच दिवस, मी नऊ. फार फरक नाही.

तुमच्या मुलीचं चुकलेलं नाही. ती सांगते त्याला आधार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा एक अभ्यास यात नेहमी सांगितला जातो. कॉलेजच्या मुलांचे गट केले. एका गटानं ज्याबद्दल बरं वाटलं, कृतज्ञ वाटलं अशा गोष्टी लिहायच्या, पाचपर्यंत. दुसऱ्या गटानं कटकटी लिहायच्या. दहा आठवडे हे चाललं. पहिल्या गटातल्या मुलांना आपलं आयुष्य कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा बरं वाटू लागलं. पण यातली गोम अशी, की ती मुलं रोज लिहीत नव्हती, आठवड्यातून एकदा लिहीत होती. पुढं सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा प्रयोग केला, त्यात आठवड्याला एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज श्रीखंड वाढलं तर चौथ्या दिवशी माणूस वाटी सरकवतो, हे कुठल्याही सासूनं फुकटात सांगितलं असतं. असो. डायरी रविवारची ठेवा. पुठ्ठा जाड आहे म्हणताय, टिकेल.

दुसरी गडबड मात्र तुमची आहे, आणि हिशेबनिसाकडून ती व्हावी याचं मला नवल वाटलं. ‘आरोग्य, कुटुंब, पेन्शन.’ अण्णा, ही खात्यांची नावं झाली. गिरणीत असताना किर्दीत नुसतं ‘खर्च’ लिहून पान उलटलंत का कधी? कोणाला दिले, किती दिले, कशापोटी दिले, तारीख काय, व्हाउचर कुठाय, हे सगळं मागत असाल तुम्ही, आणि नाही मिळालं तर समोरच्याला खुर्चीत बसू देत नसाल. मग इथंच कसं चाललं? ‘कुटुंब’ म्हणजे कोण, त्यानं कधी काय केलं? खात्याच्या नावाला कोणाला गहिवर येत नाही. नोंद लागते.

आणि नोंदी तुम्ही केल्यात. डायरीत नाही, मला पाठवलेल्या पत्रात. तीन स्वच्छ नोंदी आहेत, फक्त जमेऐवजी खर्चाच्या बाजूला टाकल्यात. पोरगा झोप मोडतो. मावशी नको असलेली कोथिंबीर देते. अक्का उपकार लादतात. पत्र परत वाचा म्हणजे दिसेल.

त्या दार बडवणाऱ्या पोराबद्दल मला थोडं सांगायचं आहे, कारण तिथं मी स्वतः चुकलेली आहे.

आधी आम्ही साखर पेठेत राहायचो. पाणी तेव्हाही दिवसाआड नि रात्रीचंच. कोपऱ्यावरच्या घराबाहेर एक उघडा नळ होता. पाणी यायच्या आधी त्यातून हवा फुसफुसते, मग दोन-चार थेंब गढूळ, मग धार. त्या सुमाराला, साडेबारा-एकला, सायकलची घंटी वाजायची आणि हाक यायची, ‘पाणी आलंय ओऽऽ!’ की गल्लीत दिवे लागायचे, मोटारी सुरू व्हायच्या, घागरी आपटायच्या. अकरा वर्षं मी त्या हाकेवर उठले. मला वाटायचं, हा चावीवाला असणार, पाणी सोडायला येतो तो, ओरडणं त्याच्या कामातच असेल. एकदाही खिडकीतून डोकं काढून बघितलं नाही. उलट थंडीच्या दिवसांत शिव्याच घातल्या असतील मनातल्या मनात.

एका वर्षी हाक बंद झाली. पहिल्या आठवड्यात दोनदा अख्ख्या गल्लीचं पाणी चुकलं. माझ्याकडं तेव्हा माहेरची सहा माणसं आलेली. टँकर मागवला, भांडले, पाणीवाल्यांना बोल लावले. मग कोपऱ्यावरच्या मामांनी सांगितलं की तो चावीवाला नव्हताच. मागच्या गल्लीतला माणूस, एका पॉवरलूम कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. पाळी सुटली की आमच्या गल्लीतून घरी जायचा. नळ फुसफुसताना दिसला की हाक मारत जायचा. त्याच्या बायकोला कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत, घर मिळालं आणि ते तिकडं गेले.

कळल्यावर मी लगेच गेले असेन असं वाटलं ना? दोन वर्षं लावली. जायचं आणि म्हणायचं काय? ‘तुम्ही अकरा वर्षं हाक मारलीत, आभारी आहे’? शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटी एक जण उठून आभारप्रदर्शन करतो आणि लोक चपला शोधायला लागतात, तसं ते वाटायचं. शेवटी एका कामासाठी त्या बाजूला गेले तेव्हा अर्धा किलो पेढे घेतले, विचारत विचारत घर काढलं. रिक्षात पूर्ण वेळ वाक्य घोकत होते.

दारात त्यांची बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी सांगत होते तेव्हा तिनं वर बघितलं, पण हात थांबले नाहीत. पान, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत गुंडाळी, दोरा. ते बाहेर आले. मी घोकलेलं वाक्य अर्धंच आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, घंटी कुत्र्यांसाठी होती ओ. चावायची ती. हाक तेवढी तुमच्यासाठी.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘तुमचा दिवा सगळ्यात शेवटी लागायचा. म्हणून तुमच्या दारात मी दोनदा ओरडायचो.’

अकरा वर्षांत ती दुसरी हाक मला वेगळी कधी ऐकू आली नव्हती.

चहा झाला. माग, सूत, गुडघा, मुलाचं लग्न, तासभर बोलत बसलो. अवघडलेपण पहिल्या दोन मिनिटांत संपलं होतं. याच्यावरही अभ्यास झालेला आहे, आणि तो मला आवडतो, कारण त्यात माझ्यासारखे लोक पकडले गेलेत. २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी लोकांना आपल्या उपयोगी पडलेल्या एखाद्या माणसाला पत्र लिहायला लावलं आणि विचारलं, वाचणाऱ्याला कसं वाटेल? मग पत्र मिळालेल्यांना खरंच विचारलं. लिहिणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला होता. समोरचा किती अवघडेल हे त्यांनी जास्त धरलं होतं, त्याला किती आनंद होईल हे कमी. आपले शब्द नीट जमतील का, ही काळजी लिहिणाऱ्याला. वाचणाऱ्याचं तिकडं लक्षच नसतं, आपल्याला कोणीतरी आवर्जून लिहिलं एवढंच तो बघतो.

तर तो पोरगा. त्याच्या घरचं पाणी भरून झाल्यावर त्याला झोपता आलं असतं. तो चपला घालून तुमच्या दाराशी येतो. जोरात बडवतो, कारण तुम्ही हळू आवाजाला उठत नसणार. त्याला पैसे देऊ नका, चॉकलेटही नको. नाव माहीत नसेल तर विचारा. संध्याकाळी दिसला की म्हणा, ‘काय बे, झोपतोस का नाही रात्री? तुझ्यामुळं माझी टाकी भरायली.’ बाहेरगावच्या लोकांना आपलं ‘बे’ ऐकून शिवी वाटते. वाटू दे. पोराला कळतं.

एक आडवं बोलून घेते. मोठ्या उपकारांचं एका अर्थी बरं असतं. आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले, वय अवघं ३२. चीन त्यांना आजही विसरलेला नाही, आणि आपल्याकडं भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाचा चौक आहे, रेल्वेगाडीही आहे त्यांच्या स्मरणाची. ते व्हायलाच हवं. पण रात्री एक वाजता पाणी आल्याचं ओरडणाऱ्याचा पुतळा कोणी उभारणार नाही, आणि उभारूही नये, रस्ता अडेल. त्याचं जे काय करायचं ते आपणच, दोन वर्षं न लावता.

कोथिंबिरीचं एवढंच, की मे महिन्यात जुडीचा भाव काय आहे ते एकदा विचारा, म्हणजे त्या काड्यांकडं वेगळ्या नजरेनं बघाल. आणि ओली तशीच फ्रीजमध्ये टाकली तर ती काळी पडणारच. मुळं काढा, कोरड्या फडक्यात गुंडाळा, झाकणाच्या डब्यात ठेवा. आठवडाभर राहते. पुढच्या वेळी मावशीला सांगा, ‘मावशी, आमटीत घातली.’ बास.

आता डबे.

पाचवा डबा तुम्ही कंसात टाकलात. अण्णा, मला विचाराल तर तुमचं अख्खं पत्र त्या कंसात आहे. झाकणावर हिचं नाव. भांड्याच्या दुकानात ते छोटं यंत्र असतं, टर्रर्र करत नाव घालून देतं. नावाखाली कधी तारीख असते, कधी ‘वास्तुशांत’ किंवा ‘डोहाळजेवण’ असं काही असतं. तुमच्या झाकणावर काय आहे ते बघा. आणि मग विचार करा, तुमच्या घरचा डबा वरच्या मजल्यावर गेला कसा? पाय फुटून गेला नाही. कोणीतरी भरून नेला. तुम्ही नेला नाहीत, मग हिनंच नेला. काय असेल त्यात, संक्रांतीची शेंगापोळी असेल, दिवाळीचा फराळ असेल, नाहीतर साधी अंबाडीची भाजी. तुम्ही गिरणीत असायचात तेव्हा त्या जिन्यातून डब्यांची किती ये-जा झाली असेल, त्याचा पत्ता तुमच्या कुठल्या वहीत नाही.

मग ही गेली आणि तो डबा वरच राहिला.

आता अक्कांच्या जागी उभं राहून बघा. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे त्यांच्या तेलुगू घरातही तितकंच पक्कं असणार. भरून द्यायचा तर कोणाच्या हातात? जिच्या नावाचा आहे ती नाही. खाली एक पुरुष माणूस, कमी बोलणारा. तेव्हा त्यांनी आधी आपल्या डब्यातून भात पाठवला, मग भाजी, मग आणखी काही, आणि धीर आला तेव्हा तो डबा भरून खाली पाठवला. म्हणजे त्यांच्याही ओट्यावर दीड वर्ष एक डबा पडून होता, तुमच्यासारखाच, परत कसा द्यायचा हे न सुचून.

हा माझा अंदाज. खरं काय ते अक्का सांगतील. पण अंदाज बरोबर असेल तर तुम्ही ज्याला उपकार म्हणताय ती अक्कांच्या बाजूनं परतफेड आहे. देणं त्यांच्याकडं होतं. तुम्ही धरला होता तो ताळेबंद उलटा झाला की नाही?

आणि तोही मी तुमच्या भाषेत मांडला म्हणून. मुळात आपले शब्दच सावकारी आहेत. उपकार ‘फेडायचे’, ऋणातून ‘मुक्त’ व्हायचं, ‘उतराई’ व्हायचं. ऐकलं की माणूस बिथरतो, कारण कर्ज कोणाला हवंय? तुम्हाला तर आयुष्यभर बाकी शून्यावर आणायची सवय. पण आपल्याच बोलण्यात दुसराही शब्द आहे. एखाद्या घराशी आपलं चांगलं असलं की आपण म्हणतो, आमचं त्यांच्याकडं येणं-जाणं आहे. तुमच्या वहीत येणं आणि देणं असतं, जिन्यात येणं आणि जाणं. तिथं बाकी शून्य झाली तर दोघांनाही वर-खाली करायला कारण उरत नाही. एखादा डबा इकडं, एखादा तिकडं अडकलेला असावाच लागतो.

आता बोलायचं काय. ‘थँक्यू’ म्हणू नका. म्हणजे दुकानात, बँकेत, रिक्षात खुशाल म्हणा, चांगली सवय आहे. पण शेजारच्या बाईला, जिनं वीस वर्षं तुमच्या घरात पाय ठेवलाय, थँक्यू म्हणणं म्हणजे तिला दाराबाहेर उभं करणं. आईला थँक्यू म्हणून बघा, ती कपाळाला हात लावून ताप बघेल. ‘आभार’ तर लग्नपत्रिकेत आणि सभेत. आपण जे म्हणतो ते वेगळंच असतं. ‘आणखी आहे का?’ म्हणतो. ‘अगदी आईच्या हातची चव’ म्हणतो. दुसऱ्यांदा वाढून घेतो. पुढच्या वेळी त्याच पदार्थाची आठवण काढतो. तेव्हा अक्कांना सांगायचं तर नेमकं सांगा. चिंचेच्या भाताला त्या पुलिहोरा म्हणतात ना? त्यात शेंगदाणे कुरकुरीत कसे राहतात ते विचारा. कुठल्या दिवशी आला होता ते सांगा. त्या दिवशी रात्री तुम्ही काय खाणार होतात (बिस्किटं, मला खात्री आहे) आणि त्याऐवजी काय खाल्लंत ते सांगा. किर्दीतल्या नोंदीसारखं, तारीख, रक्कम, कशापोटी. आणि ते सुचलं नाही तर नुसतं विचारा, ‘अक्का, हा हिच्या नावाचा डबा तुमच्याकडं कधी आला होता?’ पुढचं त्या बोलतील. तुम्हाला ऐकायचंय फक्त. तुम्हाला माहीत नसलेली तुमची बायको वरच्या मजल्यावर थोडी शिल्लक आहे, ती ऐकायला मिळेल.

डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. हेही सांगायला हवं, कारण डायऱ्या, सुविचार आणि सकाळी मोबाइलवर येणारी फुलं यांच्या गर्दीत हे राहून जातं. तुम्ही आनंदी असलंच पाहिजे असा कुठं नियम नाही. माणूस गेलं आहे, दीड वर्ष म्हणजे काही फार झालं नाही, आणि तीन चांगल्या गोष्टी लिहिल्यानं ती जागा भरत नाही. भरावी म्हणून लिहायचंही नसतं. मात्र जेवण जात नाही, पहाटे तीनपासून डोळा लागत नाही, कशातच जीव रमत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर ते माझ्यासारखीच्या सल्ल्यानं सुटणारं नाही. डॉक्टरांना सांगा. सरकारची ‘टेली मानस’ म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्राचा सूर तसा वाटला नाही, ‘वरीलप्रमाणे’ लिहिणाऱ्या माणसाचा चावटपणा शाबूत असतो. तरी नंबर लिहून ठेवा.

मुलीला खरं सांगा. पाचव्या दिवशी काय लिहिलं ते तसंच सांगा, ती हसेल. आणि तिची डायरी हासुद्धा एक डबाच आहे, पुण्याहून भरून आलेला. ती पाठवताना दुकानात उभी राहिली असेल, दोन-तीन बघितल्या असतील, रेघा मोठ्या हव्यात, बाबांना बारीक दिसत नाही, असं म्हटलं असेल. तिलाही रिकामं काही द्यायचं नाही. फोनवर ‘लिहितो’ म्हणण्याऐवजी एक गोष्ट सांगा, अक्का काय म्हणाल्या ती.

राहता राहिलं भरून काय द्यायचं. पाचही डबे एकदम घेऊन जिना चढू नका, ते हप्ते फेडल्यासारखं दिसेल. दोन डब्यांत नुसती वाटीभर साखर घाला, तेवढी चालते, आमच्या आईनं आयुष्यभर तेवढंच केलं. एकात आंबे, बसतील तेवढे. चौथा राहू द्या खाली, पुढच्या कारणासाठी. आणि हिच्या नावाच्या डब्यात शेंगाचटणी द्या, स्वतः केलेली.

होईल, घाबरू नका. ३१ वर्षं ताळेबंद जुळवलेत, ही चटणी त्याहून सोपी आहे. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजा. मंद म्हणजे मंद, वीसेक मिनिटं तरी उभं राहायचं, मोबाइल बघायचा नाही. डाग पडले की उतरवा, गार करा, फडक्यात घेऊन चोळा, टरफलं पाखडून टाका. उंबऱ्याशी उभं राहून पाखडा, नाहीतर घरभर होतात. पंधरा-वीस लसणाच्या पाकळ्या सालासकट, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं, मीठ. घरात उखळ किंवा खलबत्ता असेल तर त्यातच कुटा. हिचा असणारच, माळ्यावर बघा. मिक्सर लावलात तर थांबून थांबून फिरवा, एकदम फिरवलात तर पीठ होतं आणि मग अक्का काही बोलणार नाहीत, पण मनात हसतील. कुटता कुटता शेंगांना तेल सुटतं, चटणी बोटांना चिकटायला लागते, गोळा धरते, तेव्हा झाली. चव बघा. मीठ कमी वाटलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी बरोबर लागतं.

संध्याकाळी सातनंतर जा, ऊन उतरल्यावर. अक्का घरात नसतील तर दाराला पिशवी अडकवून पळून येऊ नका, परत जा. आणि त्या डब्याचं झाकण जुनं आहे, घट्ट बसतं का ते आधी बघून घ्या. चटणीचं तेल जिन्यात सांडलं तर निघत नाही.